दहा मेगाबिटांची केबल आणि बावन्न एक्सची ड्राइव्ह

गेल्या महिन्यात माळ्यावरचे एक खोके खाली उतरवले, तेव्हा त्यात डीटीपीच्या कामाच्या १४० सीडी निघाल्या. १९९९ ते २००४ या काळात मीच त्या एकेक करून भरल्या होत्या. नव्या संगणकाला सीडी ड्राइव्हच नसल्यामुळे जुन्या संगणकात त्या वाचाव्यात आणि नेटवर्कच्या केबलवरून नव्या संगणकात उतरवून घ्याव्यात, असे ठरले. ड्राइव्हवर '५२ एक्स' छापलेले पाहून भाचा म्हणाला, "मामा, एका सीडीला दीड मिनिट धरा. चार तासांच्या आत सगळे आटोपेल." पहिल्याच सीडीला दहा मिनिटे लागली.

ड्राइव्हवर छापलेल्या आकड्यापुरते पाहिले तर भाच्याचे गणित बरोबर होते. सीडीवरील माहिती सेक्टरांमध्ये विभागलेली असते. मूळ वेगाने, म्हणजे 'एक एक्स'ला, सेकंदाला ७५ सेक्टर वाचले जातात आणि डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमधून २,०४८ बाइट हाती येतात. गुणाकार केला की सेकंदाला १,५३,६०० बाइट, अर्थात १,०२४ बाइटांचा एक या मापाने बरोबर १५० किलोबाइट होतात. गाण्यांच्या सीडीत तोच सेक्टर २,३५२ बाइट देतो, कारण चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली जादा जागा तिथे आवाजालाच दिलेली असते. त्यामुळे 'एक्स' तोच असला तरी बाइट वेगळे येतात. ७४ मिनिटांची सीडी एक एक्सला ७४ मिनिटांतच वाचून होते आणि ५२ एक्सला सुमारे ८५ सेकंदांत. या एककात वेळेचा हिशेब आयताच मिळतो, आणि म्हणूनच मला ते आवडते.

अडचण पुढच्या टप्प्यात होती. जुन्या संगणकातील नेटवर्क कार्ड १० मेगाबिटांचे होते. नेटवर्कच्या जगात बिट मोजतात आणि तेही दशमान पद्धतीने, त्यामुळे १० मेगाबिट म्हणजे सेकंदाला नेमके एक कोटी बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट धरला की साडेबारा लाख बाइट. आता हे सीडीच्या भाषेत आणून पाहा: आठ एक्सची ड्राइव्ह सेकंदाला १२,२८,८०० बाइट देते. म्हणजे ती केबल जेमतेम आठ एक्सच्या ड्राइव्हला पुरणारी होती आणि तिच्यामागे मी बावन्न एक्सची ड्राइव्ह जोडून बसलो होतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच होते, पण एकाच मापात आणल्याशिवाय त्यांतला मोठा कोणता हे कळण्याची सोय नव्हती. (देवनागरीत हा घोटाळा अधिकच वाढतो. रोमन लिपीत निदान मोठ्या 'बी'ने बाइट आणि छोट्या 'बी'ने बिट दाखवता येतो. आपल्याकडे जाहिरातीत 'एमबीपीएस' छापले की वाचणाऱ्याने काय समजायचे ते समजावे.)

तरीही एक कोडे उरलेच. एक कोटीला आठाने भागले की १.२५ मेगाबाइट येतात, पण फाइल उतरवतानाच्या खिडकीत आकडा १.१ च्या आसपासच घुटमळत होता. अशा वेळी 'नेटवर्क जरा मंदच आहे' म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. मी कागद घेऊन बसलो, आणि तूट दोन वेगळ्या प्रकारची असल्याचे दिसले. इथरनेटवर, म्हणजे या केबलच्या जोडणीवर, माहिती छोट्या पाकिटांत विभागून जाते. १,४६० बाइटांचा मजकूर पाठवायचा तर पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधील सक्तीची मोकळी जागा धरून तारेवर १,५३८ बाइटांची जागा जाते. म्हणजे १.२५ मधले प्रत्यक्षात सुमारे १.१९ हाती येतात. उरलेली घट मात्र निव्वळ कागदावरची होती, कारण ती खिडकी १०,४८,५७६ बाइटांना एक मेगाबाइट म्हणते. त्या मापाने १.१९ चे १.१३ होतात. पहिल्या तुटीत वेळ खरोखर खर्ची पडतो, दुसरीत एका सेकंदाचेही नुकसान होत नाही; परिणामाने मात्र दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. या द्विमान (दोनाच्या पटींवर आधारलेल्या) मापाला १९९८ मध्ये 'मेबीबाइट' असे स्वतंत्र नाव मिळाले, पण ते कोणाच्या तोंडी फारसे बसले नाही.

१.४४ मेगाबाइटची फ्लॉपी या बाबतीत सर्वांवर कडी करते. तिच्यावर १४,७४,५६० बाइट मावतात. ही संख्या आधी १,०२४ ने आणि मग १,००० ने भागली तरच १.४४ हा आकडा मिळतो. त्या 'मेगाबाइट'ला धड दशमानही म्हणता येत नाही आणि द्विमानही.

बिटांचे बाइट करताना आठाने भागायचे, हा नियमही सगळीकडे चालत नाही. जुन्या मोडेमच्या सिरियल तारेवर प्रत्येक बाइटाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन जादा बिट जात, म्हणून तिथे दहाने भागणेच योग्य होते. पहिल्या पिढीच्या 'साटा' जोडणीच्या हार्ड डिस्कवर दीड गिगाबिट लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात सेकंदाला १५० मेगाबाइट जातात, कारण तिथेही प्रत्येक बाइट दहा बिटांच्या वेषात पाठवला जातो.

आहे त्याच केबलवर सगळ्या सीडी उतरवायच्या तर साडेबावीस तास लागले असते. शेवटी ड्राइव्ह काढून यूएसबी २.० च्या अडॅप्टरने ती थेट नव्या संगणकाला जोडली. तिथली मर्यादा ४८० मेगाबिटांची आहे आणि बावन्न एक्सला पुरे ६४ मेगाबिटही लागत नाहीत. आता एका सीडीला दोन मिनिटे लागतात. दीड का नाहीत, असे भाच्याने विचारलेच. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि अशी ड्राइव्ह ती एकाच गतीने फिरवते, त्यामुळे बावन्न एक्सचा वेग फक्त बाहेरच्या कडेला मिळतो. आतल्या कडेला तो बावीसच्या जवळपास असतो.