बाजार बंद झाल्यानंतरची वीस मिनिटे

काचेच्या टेबलावर नऊ मोबाइल पालथे ठेवलेले असायचे. ते बंद करायचे नाहीत, फक्त व्हायब्रेटवर ठेवायचे, एवढा एकच नियम होता. भोवती आम्ही नऊ जण पाय जमिनीला टेकवून, नजर खाली ठेवून श्वासाकडे लक्ष देत बसायचो. दोन-तीन मिनिटांत कुठला तरी मोबाइल घुर्र करायचा. तो कोणाचा हे कोणालाच कळायचे नाही, पण त्या क्षणी जवळजवळ सगळ्यांचे खांदे वर जायचे, जबडे आवळले जायचे, आणि समोरच्या माणसाचा श्वास अर्ध्यावर अडकलेला मला दिसायचा. त्यावर काहीही करायचे नव्हते. खांदे वर गेले हे ओळखायचे, श्वास पुन्हा सुरू झाला की तेही ओळखायचे आणि पुढचा मोबाइल घुरघुरेपर्यंत तिथेच थांबायचे.

मी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका वित्तसंस्थेच्या सेटलमेंट विभागात एकोणीस वर्षे काम करते आहे. शेअर बाजारात आज झालेल्या व्यवहारांचे पैसे आणि शेअर ठरलेल्या वेळी ठरलेल्या खात्यात पोहोचतील हे पाहणे, असे आमच्या कामाचे वर्णन एका वाक्यात करता येईल. ते सुरळीत झाले तर आमचे अस्तित्व कोणाच्या लक्षात येत नाही आणि चुकले तर सगळ्या मजल्याला कळते. 27 जानेवारी 2023 पासून भारतीय बाजार पूर्णपणे टी प्लस वनवर आला, म्हणजे सोमवारच्या व्यवहाराचा निपटारा बुधवारऐवजी मंगळवारीच होऊ लागला. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने ही उत्तम सुधारणा आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चूक शोधून दुरुस्त करण्यासाठी मिळणारा एक अख्खा दिवस आमच्या हातून गेला. एखाद्या ग्राहकाचे शेअर कमी पडले, की शॉर्ट डिलिव्हरी, त्यामागोमाग ऑक्शन, म्हणजे कमी पडलेले शेअर लिलावातून घेणे, आणि त्यामागोमाग ‘हे आधी का कळवले नाही’ असा प्रश्न, ही साखळी पूर्वी दोन दिवसांत उलगडत असे. आता ती एका रात्रीत उलगडते.

माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे आणि शरीराकडे आहे तसे लक्ष देण्याचा सराव, आमच्याकडे आला तो त्याच वर्षी आणि मनुष्यबळ विभागाच्या मार्गाने. एका ॲपची वर्गणी भरण्यात आली, सकाळी साडेआठची वेळ ठरली आणि कोणी किती मिनिटे ध्यान केले याचा विभागवार तक्ता दर महिन्याला येऊ लागला. कल्याणहून येणाऱ्या माणसाने साडेआठला खुर्चीत असायचे तर त्याला सहाच्या सुमारास घर सोडावे लागते, म्हणजे मनःशांतीसाठी त्याची झोप कापायची, हे त्या बैठकीत कोणाच्याच ध्यानात आले नाही. तक्ता सुरू झाल्यावर अपेक्षेप्रमाणे लोक ॲप चालू करून मोबाइल खणात ठेवू लागले. आमच्या विभागातल्या एका मुलाची नोंद महिन्याला अकराशे मिनिटांची झाली आणि त्याला कौतुकाची मेल आली. त्या मेलवर तो स्वतःच सर्वांत जास्त हसला.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले होते, एवढ्याच पात्रतेवर मी दोन गोष्टी मागितल्या. वेळ कार्यालयीन असावी आणि कोणाचीही नोंद ठेवली जाऊ नये. बाजार साडेतीनला बंद होतो आणि एक्स्चेंजच्या फायली हातात पडायला थोडा अवकाश असतो. त्या फटीतली पावणेचारची वीस मिनिटे मला मिळाली.

शिकवायचे काय, हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द मी त्या खोलीत फारसा वापरत नसे, कारण त्यावरून चर्चा थेट राज्यघटनेकडे जायची आणि वीस मिनिटे संपायची. पण ज्याला पाश्चात्त्य जगात तसे म्हणतात, त्या पद्धतीचा इतिहास साधा आहे. जॉन कबाट-झिन या रेण्वीय जीवशास्त्रज्ञाने 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, ज्यांच्या दुखण्यावर औषधे पुरी पडत नव्हती अशा रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्याला एक वर्ग, रोज घरी सुमारे पाऊण तास सराव आणि मध्ये एक पूर्ण दिवस मौन असा तो होता, आणि बौद्ध साधनेतला सराव घेऊन त्यातली धार्मिक परिभाषा त्याने बाजूला ठेवली होती. पुढे 2007 मध्ये गूगलमध्ये चेड-मेंग तान या अभियंत्याच्या पुढाकाराने असाच उपक्रम सुरू झाला आणि मग कंपन्यांनी तो उचलला. रोजचा पाऊण तास मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला.

मुंबईतल्या एका खोलीत धर्म असा बाजूला ठेवणे तितके सोपे नसते. पहिल्याच आठवड्यात विभागातल्या एका मुस्लिम सहकारी बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, “मॅडम, यात ओम वगैरे म्हणायचे नाही ना? हात जोडायचे नाहीत ना?” तसे काही नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितले की नमाजमध्ये चित्त पूर्णपणे एका जागी असणे याला त्यांच्याकडे खुशू म्हणतात, त्यामुळे कल्पना नवी नाही, फक्त दुसऱ्याची पूजा नको. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे सगळे आपले प्राणायामच वाटले. त्यांना दोन-तीनदा सांगावे लागले की प्राणायामात श्वासाला वळण लावतात, इथे त्याला जसा आहे तसा राहू द्यायचे. घंटा मी वापरली नाही. सुरुवातीला आणि शेवटी चहाच्या ग्लासवर चमचा वाजवत असे.

सर्वांत बोचरा प्रश्न आला तो आमच्याकडे समेटपत्रके, म्हणजे दोन ठिकाणच्या नोंदी जुळवणारी पत्रके, पाहणाऱ्या मुलाकडून. त्याचे आजी-आजोबा दीक्षा घेतलेले, दर 6 डिसेंबरला सगळे घर चैत्यभूमीला जाणारे. तो म्हणाला, “मॅडम, आमच्या विहारात याला आनापान म्हणतात. माझी आजी शिकवते. इथे अमेरिकेतल्या माणसाचे नाव चालते, मग बुद्धाचे का चालत नाही?” मी दिलेले उत्तर गुळमुळीत होते, हे मला बोलतानाच कळत होते. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी एक बदल केला. सराव कोणालाही करता यावा म्हणून त्यात श्रद्धेची अट नाही, पण तो कुठून आला हे पहिल्याच दिवशी नाव घेऊन सांगू लागले. ज्याचे नाव घ्यायला आपण कचरतो त्याची वस्तू वापरायची, याला निरपेक्षता म्हणता येणार नाही.

त्या निमित्ताने मी ब्रह्मदेशातले विपश्यना शिक्षक सयाजी ऊ बा खिन यांची गोष्ट सांगू लागले, आणि ती आमच्या लोकांना फार आवडते, कारण ते हिशेबखात्यातले होते. ब्रह्मदेश 1948 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा ते तिथले महालेखापाल झाले आणि 1950 मध्ये त्यांनी आपल्याच कार्यालयात कर्मचाऱ्यांसाठी विपश्यना मंडळ काढले. म्हणजे कचेरीत ध्यान ही कल्पना कॅलिफोर्नियाच्या कितीतरी आधी रंगूनच्या लेखा कार्यालयात रुजलेली आहे. त्यांच्याकडे 1955 मध्ये अर्धशिशीने बेजार झालेले एक व्यापारी आले, ते सत्यनारायण गोएंका. डोकेदुखी घालवण्यासाठी येत असाल तर येऊ नका, असे म्हणून ऊ बा खिन यांनी त्यांना आधी नकार दिला होता. चौदा वर्षांनी, 1969 मध्ये, गोएंका गुरुजींनी भारतातले पहिले शिबिर घेतले ते मुंबईतच. त्या नकाराचा मी बराच विचार केला आहे. कंपनी हा सराव विकत घेते ती नेमकी डोकेदुखी घालवण्यासाठी, आणि तीही शक्यतो तिमाही संपण्यापूर्वी.

याचा उपयोग किती होतो याबद्दल मी सुरुवातीपासून हात राखून बोलते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात 47 चाचण्या आणि 3,515 माणसांचा विचार केला होता. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला, पण व्यायामासारख्या इतर उपायांपेक्षा ध्यान सरस असल्याचे दिसले नाही. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली तेव्हा, माइंडफुलनेससारख्या उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या स्वास्थ्यात फरक आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने गळून जाण्याची, नोंद आजार म्हणून न करता कामाच्या ठिकाणची घटना म्हणून केली. माणूस बिघडला आहे असे तिथे लिहिलेले नाही. शिवाय काहींना श्वासाकडे लक्ष दिल्यावर उलट घाबरल्यासारखे होते. अशांना मी तळपायांकडे लक्ष द्यायला किंवा सरळ उठून जायला सांगत असे, आणि त्रास खोल असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक देत असे. वीस मिनिटांचा चमचा-ग्लास म्हणजे डॉक्टर नव्हे.

मग मोबाइलचा तो सराव कशासाठी? मी तो केवळ गंमत म्हणून सुरू केला होता. सातव्या आठवड्यात, सराव संपल्यावर सगळे निघत असताना, समेटपत्रकांवरचा तोच मुलगा थांबला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, “मॅडम, एक नोंदवू का? मेल आली तर खांदे थोडे वर जातात. अर्जंट ग्रुपचा मेसेज असेल तर पोट आवळते. आणि रात्री दहानंतर तुमचे नाव दिसले की मी उठून बसतो, मेसेज वाचायच्या आधीच.”

तो अर्जंट गट मी केला होता. टी प्लस वन लागू झाले त्या आठवड्यात, तात्पुरता म्हणून, ऑफिसच्या चॅटवर. त्या रात्री मी मागच्या महिन्याचे निरोप काढून पाहिले. दहानंतरचे एकतीस होते, आणि त्यांतले खरोखर त्याच रात्री काही करण्याजोगे चार. बाकीचे ‘उद्या आठवणीने बघ’ या जातीचे, म्हणजे माझ्या डोक्यातले ओझे दुसऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवणारे. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा दिवसाचे नऊ तास लिहिलेले होते; हे एकतीस निरोप त्या कुठल्याच तासात बसत नव्हते आणि ते पाठवणारी बाई दुपारी पावणेचारला इतरांना श्वास पाहायला शिकवत होती.

गट बंद केला. पैसे किंवा शेअर अडकले असतील तर रात्री थेट फोन करायचा, बाकी सगळे सकाळी, असे ठरले. पहिल्या महिन्यात पाच फोन झाले. वरच्या मजल्यावरून ‘तुमच्या विभागाचा प्रतिसाद मंदावला आहे’ अशी एक मेल आली, तिला मी आकडे लावून उत्तर दिले. साहेब त्या खोलीत असताना कोणी मोकळेपणाने बसू शकत नाही हेही मला उशिरा उमगले, त्यामुळे आता चमचा तो मुलगा वाजवतो आणि मी जात नाही. मी गेल्यानंतर संख्या नऊवरून तेरावर गेली आहे.

रात्री सव्वादहाला निरोप टाइप करण्याची माझी सवय मात्र गेलेली नाही. तो लिहिते, सकाळी साडेनऊची वेळ लावून ठेवते, आणि मोबाइल पालथा ठेवताना पाहते तर माझेच खांदे कानांपर्यंत आलेले असतात.