लाल टोपी, नारिंगी टोपी

इन्सुलिन भरण्याआधी बाटलीवरचा आकडा वाचा. ४० आययू (म्हणजे दर मिलीत ४० युनिट) असेल तर लाल टोपीची सिरिंज, १०० असेल तर नारिंगी. १०० ची बाटली आणि लाल टोपी अशी गाठ पडली, की २० च्या रेषेपर्यंत भरलेलं औषध ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट होतं. अडीचपट! उलट चुकलं तर २० ऐवजी जेमतेम ८ युनिट जातात. मेडिकलवाल्याकडे नुसती ‘इन्सुलिनची सुई’ मागू नका, बाटली दाखवा.

रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. त्याचा जोर दोन ते चार तासांनी सर्वाधिक असतो. रात्री आठला टोचून ‘आता सराफ्यातच (रात्रीच्या खाऊबाजारात) खाऊ’ म्हणत दहापर्यंत राजवाड्याभोवती फिरणं आपल्या इंदूरकरांच्या अंगाशी येतं ते यामुळेच. रक्तातली साखर फार उतरते: घाम, थरथर, धडधड, मग असंबद्ध बोलणं. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी शुगर पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. थेट दवाखाना गाठा. प्रोप्रॅनोलोलसारखं बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारं औषध) चालू असेल तर थरथर, धडधड दबते. घाम मात्र फुटतो. नर्सची नजर त्यावर हवी.

दुधाळ मिश्र इन्सुलिन तळहातांत हलकेच दहा वेळा घोळवा. जोरात हलवलं तर बुडबुडे येतात आणि मात्रा कमी भरते. टोचायची जागा रोज थोडी सरकवा, नाहीतर गाठी होतात आणि औषध कसंही शोषलं जातं. गोठलेली बाटली? फेकूनच द्या, वितळली तरी.