‘बेबी ऑफ’ या नावाखाली अडकलेली आमची फाईल

आमच्या ओवीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. ते कळलं तेव्हाचं रडणं मागे पडलं, कानाची यंत्रं बसली, आता हाक मारली की ती वळून बघते. पण दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ज्या खेपा घालाव्या लागल्या त्यांचा राग अजून गेलेला नाही. सोलापुरात किंवा आसपासच्या तालुक्यांत कुणाच्या घरी असं बाळ असेल तर निदान त्यांचा तरी वेळ वाचावा म्हणून लिहिते आहे.

जन्मल्यावर ओवीला कावीळ जास्त होती, काही दिवस पेटीत ठेवावं लागलं. घरी सोडताना कानांची ओएई ही प्राथमिक चाचणी केली, त्यात ‘रेफर’ आलं, म्हणजे पुढे तपासा. कानात पाणी असेल म्हणून पुन्हा केली, पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, ‘‘बोलतंय की उशिरा. ह्याचा बाप बी तीन वर्षाला बोलला.’’ आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र थांबू दिलं नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत उपाय सुरू, हे त्यांनी केसपेपरच्या मागे लिहूनच दिलं. मग बेरा झाली, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजणारी चाचणी. दोन्ही कानांत ६५ डेसिबलच्या आसपास तूट, त्याहून हळू आवाज तिला ऐकूच येत नव्हता. समोर बसून आपण बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा, म्हणजे आम्ही गात होतो त्या अंगाईतलं तिच्यापर्यंत फारसं काही पोचतच नव्हतं. यंत्रं पुरेशी आहेत, कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे शस्त्रक्रिया करून आत बसवायच्या यंत्राची, गरज नाही, असं ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे श्रवणतज्ज्ञांनी सांगितलं. यंत्रं बसली. इथवर कुणाविषयीही तक्रार नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल तूट असेल तर ‘कमी ऐकू येणारे’ आणि त्याच्या वर ‘बहिरे’ धरतात. प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या पोर्टलवर भरायचा. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, रिपोर्ट. तो भाग एका संध्याकाळी झाला. मग तपासणीसाठी केंद्रात बोलावलं. केंद्राचं नाव लिहीत नाही.

काउंटरवरच्या गृहस्थांनी रिपोर्ट हातात घेतला आणि तसाच परत केला. ‘‘ह्याच्यावर बेबी ऑफ सुजाता आहे. आधारवर ओवी. एकच बाळ कशावरून?’’ बाळ माझ्या कडेवर होतं. बेरा झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, म्हणून दवाखान्याच्या पद्धतीप्रमाणे माझंच नाव पडलेलं. डिस्चार्ज कार्ड दाखवलं, जन्मदाखला दाखवला, दोन्हीवर आईचं नाव, तारीख, वेळ, सगळं जुळत होतं. नाही म्हणाले. शपथपत्र आणा. रजा टाकून शपथपत्र करून आणलं, तर खिडकीवर दुसरे कुणी बसलेले. ते म्हणाले शपथपत्र चालत नाही, रिपोर्टच बदलून आणा. चाचणी केंद्रात गेले तर तिथे उत्तर मिळालं की मशीनमधून निघालेल्या रिपोर्टवरचं नाव बदलता येत नाही, बदलला तर तो खोटा ठरेल. परत काउंटर. ‘‘मग आमच्याकडं बेरा करून घ्या.’’ हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर त्यांनी पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला.

मी स्वतः एका पतसंस्थेत केवायसीचं काम बघते. नावात फरक असेल तर काय काय लागतं त्याची यादी आमच्या काउंटरवर छापून लावलेली आहे. आलेल्या माणसाला एकदाच सांगायचं आणि पूर्ण सांगायचं, एवढं साधं काम आहे. तान्हं बाळ घेऊन बार्शी-मंगळवेढ्याहून एसटीने येणाऱ्या बायका मी त्या रांगेत पाहिल्या. त्यांनाही एका वेळी एकच कागद सांगत होते.

आता बेराचं. तान्ह्या बाळाची ही चाचणी जागेपणी होत नाही. कपाळाला आणि कानांमागे जेल घासून तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत जाणारा अगदी बारीक सिग्नल मोजतात. बाळाने मान हलवली, तोंडात बोट घातलं तरी स्नायूंच्या हालचालीत तो सिग्नल हरवतो. त्यामुळे बाळ गाढ झोपलेलं हवं, आणि तेही बराच वेळ. तारीख मिळाली ती दुपारची. मे महिना, सोलापूरचं ऊन, कॉरिडॉरमध्ये एक पंखा आणि बाकावर जागा नाही. ओवी झोपली तेव्हा मशीनवर दुसरं बाळ होतं. आमचा नंबर आला तेव्हा मावशींनी दार उघडून खणखणीत आवाजात विचारलं, ‘‘पोरगी झोपली का न्हाई?’’ त्या आवाजाने ती उठली नाही, यंत्रं काढलेली होती. पण मी उठताना तिचं डोकं हललं आणि डोळे उघडले. झोपेचं औषध द्यायचं तर सर्दी होती म्हणून डॉक्टर नको म्हणाले, ते बरोबरच होतं. कागदावर शेरा पडला, ‘मूल सहकार्य करत नाही’. सात-आठ महिन्यांच्या लेकराविषयी हे वाक्य लिहिताना हात कसा धजावतो, मला कळत नाही. पुढच्या तारखेला ती झोपली, तर लाइट गेली. त्याच्या पुढच्या वेळी ऑडिओलॉजिस्ट रजेवर. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचा वार ठरलेला, तो हुकला की सगळं पुढच्या आठवड्यावर.

सुटका झाली ती तिथल्याच एका तरुण ऑडिओलॉजिस्टमुळे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘उद्या सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी या. पहाटे चारला उठवा, अजिबात झोपू देऊ नका, रिक्षात तर नाहीच. इथं आल्यावर अंगावर पाजा.’’ तसंच केलं. रिक्षात नवऱ्याने तिच्या पायाला ओला रुमाल लावत लावत आणली. तिथे पोचल्यावर दूध प्यायली आणि अशी झोपली की तारा काढेपर्यंत कूस बदलली नाही. रिपोर्टवर ‘ओवी’ लिहिलेलं पाहिलं तेव्हा मला जो आनंद झाला तो मी पगारवाढीला कधी अनुभवलेला नाही. पुढे मंडळाने तात्पुरतं प्रमाणपत्र दिलं आणि नंतर कार्ड पोस्टाने घरी आलं, ४० ते ७९ टक्के दिव्यांगत्वाला मिळतं ते पिवळं.

तर पहिलं काम नावाचं. बारशाची वाट बघू नका, चाचणीच्या आधी जन्मनोंदीत नाव घाला. वर्षाच्या आत त्याला शुल्क पडत नाही. मग बाळाचं आधार, मग बेरा. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच. आणि काउंटरवर जे सांगतील ते त्यांच्याच समोर वहीत लिहून घ्या, वाचून दाखवा, ‘अजून काही लागेल का’ हे विचारल्याशिवाय हलू नका.

त्या कॉरिडॉरचं एकच देणं मी मानते. ओवी रडत होती त्या दुपारी समोर एक जोडपं बसलं होतं, दोघंही कर्णबधिर, कार्डाच्या नूतनीकरणाला आलेले. ताई उठून आमच्यापुढे उकिडव्या बसल्या. आधी काहीच केलं नाही, ओवी त्यांच्याकडे बघेपर्यंत नुसत्या थांबल्या. तिने बघितल्यावर भुवया उंचावल्या, गाल फुगवले आणि बोटं तिच्या गुडघ्यावरून पोटापर्यंत चालवत नेली. रडणं थांबलं. मग मोबाईलवर मराठीत टाइप करून मला दाखवलं, ‘बाळ छान बघते. तुम्ही मागून बोलता. समोर या.’ महिनोन् महिने दवाखाने हिंडत होते, पण कमी ऐकू येणाऱ्या मोठ्या माणसाला भेटा, असं मला एकानेही सुचवलं नव्हतं. हे मला सगळ्यांत जास्त खटकतं. डेसिबल सांगणारे भेटले, टक्के सांगणारे भेटले. ही मुलगी मोठी झाल्यावर कशी असेल ते दाखवणारं माणूस मला रांगेत सापडलं.

ताई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करतात, त्यांचे यजमान टॉवेलच्या कारखान्यात. रविवारी संध्याकाळी त्यांच्यासारखी मंडळी एकत्र जमतात, तिथे आम्ही जाऊ लागलो. पहिल्या दिवशी मला फार अवघडल्यासारखं झालं, कारण सगळे भराभर बोलत होते आणि न कळणारी मी एकटी होते. ओवीला मात्र तिथे काहीच अडत नव्हतं. कुणाला बोलवायचं तर खांद्याला हात लावतात, फरशीवर पाय आपटतात, दिवा उघडझाप करतात. ती प्रत्येक वेळी बरोबर बघायची. ताईंनी तिला पायांवर आपल्याकडे तोंड करून बसवायला शिकवलं, म्हणजे माझा चेहरा आणि हात एकाच वेळी दिसतात. आपल्याकडची सांकेतिक मुळाक्षरं दोन हातांची, त्यामुळे बाळ कडेवर असताना मला जमत नव्हती. ताईंनी सांगितलं, अक्षरांच्या मागे आता लागू नका, खुणा तिच्या अंगावर करा, तिच्या पोटावर, तिच्या हातावर. त्यांची स्वतःची दोन्ही मुलं ऐकणारी आहेत. ती तान्ही असताना रात्री रडणं कळावं म्हणून त्या बाळाच्या छातीवर हात ठेवून झोपायच्या. ओवीला त्यांनी खुणेचं नावही दिलं, गालावर बोट टेकवून फिरवायचं, तिच्या खळीवरून. आता माझ्या सासूबाईसुद्धा तिला त्याच नावाने बोलावतात.

खुणा शिकवल्या तर बोलणार नाही, असं आम्हाला बरेच जण म्हणाले. आमच्या घरात तसं झालेलं नाही. ती ‘दूध’ची खूण आधी करू लागली, ‘आई’ आणि ‘बाबा’ तोंडाने नंतर आलं, आता दोन्ही एकदम करते. स्पीच थेरपी चुकवत नाही आणि रविवारही चुकवत नाही. खुणा बघायला दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश आहे, २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरू झालेला, २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला. तो फुकट आहे. पण माणसांकडून शिकलेलं जास्त टिकतं, आणि सोलापूरच्या काही खुणा त्यात दिसतात त्याहून वेगळ्या आहेत.

यंत्राचं राहिलंच. यंत्राचा कानात बसणारा भाग म्हणजे साचा. तो घेताना दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत ठेवतात आणि पिचकारीने मऊ लगदा भरतात. दुखत नाही, पण हात धरायला दोघं लागतात. बाळाचा कान वाढतो, साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. ते बिघडलेलं नसतं, साचा नवा करायचा असतो. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा. सेलचं झाकण कुलपाचं घ्या, बटण सेल बाळाच्या पोटात जाणं फार धोक्याचं. सेलवरचा कागद काढला की लगेच बसवू नका, थोडा वेळ हवा लागू द्या. उन्हाळ्यात घामाने यंत्र बंद पडतं, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. दोरीची क्लिप झबल्याला लावा, नाहीतर ओवीने एक यंत्र रिक्षातून खाली टाकलंच होतं, नशिबाने वाजलं म्हणून कळलं. रोज सकाळी मी तोंड झाकून तिच्याशी आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज काढते. एखाद्याला ती वळली नाही की त्याच दिवशी यंत्र तपासते. ‘स’ सगळ्यांत आधी जातो.

पगारदार असाल तर कार्ड आल्यावर आधी ऑफिसात प्रत द्या. जुन्या करपद्धतीत आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ८० डीडी) ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५ हजारांची आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. पतसंस्थेत आमच्याच दोन सभासदांना हे माहीत नव्हतं.

ओवीचं प्रमाणपत्र तात्पुरतं आहे, मुदत संपली की पुन्हा तेच केंद्र. या वेळी ताई बरोबर येणार आहेत. कर्णबधिर मंडळींना कुठे गाठायचं असं मला बऱ्याच आया विचारतात. जवळच्या कर्णबधिर शाळेत जाऊन शिक्षकांना माजी विद्यार्थ्यांबद्दल विचारा, त्यांच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात. बाळाला शाळेत घालायला अजून वर्षं असली तरी आत्ताच जा.