तुम्ही विचारलंत म्हणून: लोक जुन्या औषधांच्या त्या बाटल्यांना भुलायचेच कसे?

मी मेलबर्नला फार्मसीत काम करते आणि शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांतल्या औषधांच्या जाहिराती जमवते. हे कळलं की आपल्याकडची माणसं हमखास विचारतात, "अहो, एकाच गोळीनं मूळव्याध, पंडुरोग, अर्धांगवायू सगळं बरं होतं म्हणे! यावर विश्वास बसायचाच कसा? इतके भोळे होते का हे गोरे?"

नव्हते. ती औषधं लागू पडायची, म्हणून लोक घ्यायचे.

१८५१ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि बॅलरॅट, बेंडिगोच्या माळावर जगभरातून माणसं येऊन थडकली. राहायला तंबू. ज्या ओढ्यात माती चाळायची त्याचंच पाणी प्यायचं. हगवण आणि विषमज्वर ठरलेलेच. रोजचं जेवण म्हणजे मटण, चहा आणि डँपर, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा जाड रोट. पोट एकतर धरायचं नाही, नाहीतर हलायचंच नाही. डॉक्टर कोसोन् कोस लांब, आणि गाठलाच तर त्याच्या पेटीतही कॅलोमेल नावाचं पाऱ्याचं रेचक आणि अफूच असायची. त्यापेक्षा जाहिरातीतल्या होलोवे नावाच्या इंग्रजाच्या गोळ्या काय वाईट? त्यांत मुख्य काळा बोळ. म्हणजे कोरफडीचा सुकवलेला चीक. घेतल्यावर सकाळी पोट साफ होणार म्हणजे होणार. ज्याला चार दिवस शौचाला झाली नव्हती, त्याला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

हगवणीवर क्लोरोडाइन होतं. त्याचा उगम आपल्याच भूमीवरचा. जॉन कॉलिस ब्राऊन हा ब्रिटिश फौजेतला डॉक्टर. भारतात असताना पटकीवर उतारा म्हणून त्यानं अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म यांचं मिश्रण केलं. १८५६ मध्ये फौज सोडून त्यानं डेव्हनपोर्ट नावाच्या लंडनच्या केमिस्टशी करार केला, आणि ती बाटली जिथे जिथे इंग्रज वस्ती होती तिथे तिथे पोचली. अफूनं आतड्याची हालचाल मंदावते, कळ थांबते, खोकला दबतो, झोप लागते. आज मी जुलाबावर लोपेरामाइड देते, तेही त्याच कुळातलं, फक्त मेंदूपर्यंत सहसा न पोचणारं. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे, त्यामुळे क्लोरोडाइननं पटकी बरी होण्याचा प्रश्नच नव्हता. पण साध्या हगवणीत तंबूतल्या माणसाला रात्रभर झोप मिळायची. चटक लागायची ती पुढची गोष्ट.

यांना 'पेटंट' औषधं म्हणायचे खरं, पण पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते. बहुतेकांनी ते कधी घेतलंच नाही. गुपित हेच तर भांडवल होतं!

आणि नफा बघा. बीचमच्या गोळ्यांची जाहिरात म्हणायची, डबीचं मोल एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. इंग्लंडात ५६ गोळ्यांची डबी मिळे १ शिलिंग दीड पेनीला. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं त्या तपासल्या तेव्हा निघालं काय, तर काळा बोळ, सुंठ आणि साबण. त्याची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा आठवा भाग. वरची दीड पेनी ही औषधांवरच्या करापोटी लावलेल्या सरकारी स्टँपची, म्हणजे मालाच्या बारापट रक्कम सरकारच घेत होतं. गिऱ्हाइकाला वाटे, सरकारचा शिक्का आहे म्हणजे सरकारची हमी आहे. क्लोरोडाइनच्या जाहिरातीत तर दटावूनच सांगितलेलं असे, की सरकारी स्टँपवर डॉ. कॉलिस ब्राऊनचं नाव नसेल तर माल खरा समजू नका. या जाहिराती इकडच्या वर्तमानपत्रांतही तशाच छापल्या जात.

गंमत म्हणजे काही दावे अर्धे खरे होते. डॉ. विल्यम्सच्या गुलाबी गोळ्या कॅनडातल्या. ब्रॉकव्हिलच्या जॉर्ज फुलफर्डनं १८९० मध्ये त्यांचे हक्क ५३ डॉलर १ सेंटला घेतले आणि जाहिरातींच्या जोरावर त्या जगभर खपवल्या. त्यांत लोह होतं. रक्त कमी असलेल्या मुलीच्या गालावर त्यांनी खरंच लाली आली असेल. मग त्याच गोळ्या अर्धांगवायूवरही चालतात असं सांगितलं, तर जिची मुलगी सुधारली ती आई नाही कशी म्हणणार?

मला राग येतो तो मिसेस विन्सलोच्या सिरपचा. मूळ अमेरिकेतलं, पण ऑस्ट्रेलियातही खूप खपलेलं. बाळाला दात येताना द्यायचं. जाहिरात सांगायची की हे पूर्ण निरुपद्रवी आहे, यानं नैसर्गिक झोप लागते आणि बाळ बटणासारखं चकचकीत होऊन उठतं. त्यात एका औंसाला सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फीन होतं. कितीतरी बाळं उठलीच नाहीत. हे वाचताना मला गिरणगावातली बाळगोळी आठवते. पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची गोळी देऊन कामावर जायच्या. पण गोळीत काय आहे हे त्या बाईला ठाऊक होतं, तिचा नाइलाज होता. विन्सलोच्या बाटलीवर मॉर्फीनचं नावही नव्हतं.

ऑस्ट्रेलियात या गुप्त औषधांची शाही आयोगामार्फत चौकशी झाली, १९०७ मध्ये. आयोग म्हणजे एकटे ऑक्टेव्हियस बील, सिडनीतले पियानो कारखानदार! त्यांची खरी चिंता गोऱ्यांचा घटता जन्मदर ही होती, त्यामुळे अहवालाचा सूर बराचसा प्रवचनी आहे. तरी बाटल्यांच्या आत काय आहे ते त्यांनी चव्हाट्यावर आणलं. अमेरिकेच्या १९०६ च्या अन्न-औषध कायद्यानं तर अशा औषधांवर बंदी घातलीच नाही. अफू, मॉर्फीन, कोकेन, गांजा, मद्यार्क यांपैकी काही असेल तर लेबलवर लिहा, एवढंच म्हटलं. नंतर विन्सलोच्या सिरपमधून मॉर्फीन गेलं.

यावर पुढचा प्रश्न येतो, "मग तुम्ही त्या काळात असता तर काय घेतलं असतं?" लेकीसाठी गुलाबी गोळ्या आणल्या असत्या. आणि रात्रभर रडणाऱ्या तान्ह्यासाठी, लेबलवर काही लिहिलेलंच नसताना, ते सिरपही आणलं असतं.