डिचोली: घुमट मढवायची वेळ

घुमट या गोव्याच्या वाद्याची पाच मडकी ओसरीवर ओळीने मांडली होती. ज्यांच्या घरी मी पाहुणा होतो ते काका बोटाच्या पेराने एकेकाला टिचकी मारत पुढे सरकत होते. पहिलं खणखणलं, दुसरंही. तिसऱ्यातून ठस्स आवाज आला. त्यांनी ते उचलून उजेडात धरलं, गळ्याच्या जोडावरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवून दिलं. "हें जायना." चौथंही गेलं. पाचातली तीन उरली आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, चार दिवसांवर आलेली.

त्याआधी पणजीत दोन दिवस गेले, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडून दुसरी फेरी, मग नार्वे. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं मंदिर शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये पुन्हा बांधायला घेतलं. मूळचं देवस्थान दिवाडीवर होतं, म्हणजे देव ज्या पाण्यावरून आला त्याच पाण्यावरून आपण जातो. रस्त्याने डिचोली लवकर येते, पण वेळ असेल तर याच वाटेने जावं. नार्व्याहून डिचोली तशी जवळच.

तर घुमट. गोव्याबाहेरच्या वाचकासाठी आधी थोडं सांगतो. मातीचं मडकं, दोन्हीकडून उघडं. रुंद तोंडावर कातडं मढवलेलं, निमुळतं तोंड मोकळं. दोरीने गळ्यात अडकवायचं, उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने मोकळं तोंड उघडझाप करायचं. तो घुमणारा, श्वास घेतल्यासारखा नाद त्या डाव्या हातातून येतो. सोबत दोन काठ्यांनी वाजणारा समेळ आणि कासाळं, म्हणजे जाड झांजा. चवथीच्या आरत्या यावरच होतात. घरात कोंकणी बोलणारं कुटुंब आरतीला उभं राहिलं की मराठीत गातं. ख्रिस्ती घरांतल्या मांडो या गीतप्रकारात व्हायोलिनच्या शेजारी हेच मडकं वाजतं. एकाच कुंभाराच्या चाकावरून उतरलेली वस्तू दोन्हीकडे जाते. गोव्याची ओळख काय, असं विचारणाऱ्याला मी हेच मडकं दाखवीन.

आता त्या दोन बाद मडक्यांकडे येतो, कारण सगळं दुखणं तिथे आहे. घुमटाची माती शेताच्या किंवा तळ्याच्या काठची, चिकट. खडे वेचायचे, भिजत ठेवायची, पायाने मळायची, बारीक रेती मिसळायची. रेती कमी पडली तर सुकताना मडकं आकसतं आणि तडकतं. जास्त झाली तर काठ भुसभुशीत होतो. पोट आणि गळा वेगवेगळे घडवून जोडले, तर दोन्हींचा ओलावा सारखा असताना जोडायला हवेत. एक भाग जास्त सुकलेला असला की जोडावर केसाएवढी भेग राहते. ती डोळ्यांना दिसत नाही, टिचकीला मात्र कळते. तिसरं मडकं त्यातच गेलं. चौथं कच्चं भाजलेलं होतं. कच्च्या मडक्याला वरून काही होत नाही, पण ओलं कातडं त्यावर ताणून बांधलं आणि ते सुकायला लागलं की काठावर केवढा तरी ओढा बसतो. कच्चा काठ तिथेच कपचीसारखा उडतो.

ती दोन्ही मडकी पावसात भाजलेली होती. पावसात भट्टी लावायची नाही, हा कुंभाराचा जुना नियम. लाकूड ओलं, हवा ओली, मडक्याच्या भिंतीत पाणी शिल्लक. आच जोरात वाढवली तर त्या पाण्याची वाफ होऊन मडकं भट्टीतच फुटतं. आच हळू ठेवली तर ओल्या जळणाने हवी तेवढी उष्णताच चढत नाही. म्हणून घुमटं चैत्र-वैशाखात घडवून, सावलीत सुकवून, मृगाच्या आत भाजून ठेवायची असतात. पण तेव्हा मागणी करायला कुणी येत नाही. श्रावण अर्धा सरला की आरतीमंडळं, शाळा, स्पर्धावाले सगळे एकदम जागे होतात, "आठ दिवसांत दहा घुमटं द्या" म्हणतात आणि नाइलाजाने कुणीतरी भर पावसात भट्टी पेटवतो.

कोणत्याही प्रदेशाचा कलेवर चालणारा व्यवहार वाढवायचा, तर त्या वस्तूच्या पंचांगापासून सुरुवात करावी लागते. मंडपापासून केलेली सुरुवात टिकत नाही. गोव्यात वर्षाला कोटीच्या घरात पर्यटक येतात. त्यांची मोठी झुंबड डिसेंबरची, महोत्सवांचा हंगामही तोच. घुमट घडतं उन्हाळ्यात आणि वाजतं भाद्रपदात. या तीन तारखा कागदावर शेजारी शेजारी मांडल्या तरी काय करायला हवं ते दिसतं. डिसेंबरच्या कार्यक्रमाचे पैसे चैत्रात आगाऊ म्हणून कुंभाराच्या हातात पडले पाहिजेत. निदान जळण आणि माती घेण्याएवढे तरी. आणि पावसात कच्ची मडकी सुकवायला हवेशीर माळा पाहिजे, वर पत्रा आणि चारी बाजूंनी जाळी असलेला. असा माळा सात-आठ कुंभारांनी मिळून वापरला तरी चालतो. त्याचा खर्च एका रात्रीच्या रोषणाईपेक्षा नक्कीच कमी असेल.

डिचोलीत हे बोलणं हवेतलं वाटत नाही. हा खाणीचा तालुका. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मग सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि ट्रक पुन्हा दारात उभे राहिले. हाताला दुसरं काम काय, हा प्रश्न इथल्या घराघरांत विचारला गेला आहे. त्याचं एक उत्तर याच गावच्या मातीत आहे असं मला मनापासून वाटतं. मात्र ते पोटापाण्याचं उत्तर व्हायचं असेल, तर त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून बघून चालणार नाही.

दुपारी मढवायचं काम सुरू झालं. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असे. पातळ, सगळीकडे सारख्या जाडीचं, दमट हवेतही ताण धरून ठेवणारं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला सर्वांत कडक संरक्षण दिलं आहे. तिची शिकार केली किंवा कातडं बाळगलं तर 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते. हे योग्यच आहे, त्यावर माझं दुसरं मत नाही. वाद्य जगवायला प्राणी संपवायचा नसतो. पण बंदी आल्यावर बकरीचं कातडं त्याच गुणाचं कसं करायचं, हे काम बराच काळ एकेकट्या कारागिराच्या अंगावर पडलं.

बकरीच्या कातड्याची अडचण अशी की ते पाठीच्या कण्यावर जाड आणि पोटाकडे पातळ असतं. मधोमध कण्याची रेघ आली तर एका बाजूला टणक आणि दुसऱ्या बाजूला ढिला आवाज निघतो. काकांनी कातडं उन्हाकडे धरून आरपार बघितलं, कण्याची रेघ टाळून दोन्ही बाजूंना खडूने गोल आखले. मोठ्या घुमटासाठी एका कातड्यातून तीन, फार तर चार तोंडं निघतात. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढलेलं, आतली चरबी खरवडून धुतलेलं होतं. चरबीचा अंश राहिला तर त्या जागी कातडं कधीच ताणलं जात नाही, वर वासही येतो.

ओलं, लिबलिबीत कातडं तोंडावर टाकलं. काठाच्या खाली बाहेर आलेल्या ओठावरून सुती दोरी पहिला वेढा घेऊन आवळली. घरातला धाकटा मुलगा समोर बसून दोन्ही हातांनी कडा खाली ओढत होता, काका वेढ्यावर वेढे चढवत होते. ओढायचं ते समोरासमोर: एकदा पूर्वेला, मग पश्चिमेला, मग दक्षिणोत्तर. एकाच बाजूने फिरत गेलं की चुणी पडते आणि चुणीवर वाजवलेली थाप मरते. पूर्ण ताण आत्ताच द्यायचा नाही. सुकताना कातडं स्वतःच ओढ घेतं. आधीच कडक बांधलेलं कातडं रात्रीतून काठाशी फाटतं, नाहीतर काठाला घेऊन येतं. अर्धवट सुकल्यावर दोरी पुन्हा एकदा आवळायची. आणि सुकवायचं सावलीत. थेट उन्हात वरची बाजू आधी कडक होते, खालची ओली राहते आणि कातडं पापडासारखं वाकडं होतं. बाहेर पावसाची भुरभुर होती, त्यामुळे तिन्ही घुमटं चुलीच्या वरच्या फळीवर गेली. धग लागेल, पण धूर सरळ बसणार नाही अशा बेताने.

"पावसान कातडें सैल जाता," मुलगा म्हणाला. ते मात्र चवथीच्या रात्री दिसणार होतं.

कृत्रिम पडदा का लावत नाहीत, हा प्रश्न शहरातला माणूस हमखास विचारतो. पडदा बाजारात मिळतो. पण त्याला धातूचं कडं आणि पेच लागतात. ते आवळले की सगळा भार मातीच्या काठावर काही ठरावीक जागी येतो आणि काठ तिथेच चिरतो. दोरीचे वेढे तो भार गोलाकार वाटून देतात. यावर उपाय शोधता येईल, पण त्यासाठी कुंभार, वाद्य जाणणारा आणि यंत्रकाम जाणणारा असे तिघे एका खोलीत महिनाभर बसले पाहिजेत. असे महिने घडवून आणणं हे सांस्कृतिक खात्यांचं खरं काम, असं माझं मत आहे.

चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीचा बाजार माटोळीने भरून गेला होता. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-पानं बांधतात, ती माटोळी. कावंडळाची लालभडक फळं, वाजणाऱ्या शेंगांच्या घागऱ्यो, कांगलांचे झुबके, करमळ, आंबाडे, तोरिंजन, सुपारीचे घड, चिबूड. माटीची फळंही होती. माटी हा गोव्याचा राज्यवृक्ष. विकायला बसलेल्या बहुतेक बाया डोंगराकडच्या गावांतल्या. कुठलं फळ कुठल्या ओहोळाकाठी आणि कुठल्या आठवड्यात मिळतं, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे आणि त्याची किंमत एका जुडीमागे मोजली जाते. घासाघीस करणारे लोक बघून वाईट वाटलं. मी केली नाही, तुम्हीही करू नका.

राज्याचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा भरवतं. चांगली गोष्ट आहे; तरुण मुलं त्यामुळे झाडं ओळखायला शिकतात. पण जास्तीत जास्त प्रकार लावण्याची चढाओढ लागली की एखाद्या दुर्मीळ वेलीचं शेवटचं फळही उतरतं आणि बी जमिनीत पडत नाही. गुण देताना "किती प्रकार" याच्यासोबत "यातले किती परसात लावले" असा एक रकाना ठेवला, तरी रानावरचा भार हलका होईल.

जाता जाता एक राग नोंदवतो. पणजीतल्या एका महोत्सवात मागे कधीतरी घुमटं छताला उलटी टांगलेली पाहिली होती, आतून दिवे लावून. वाजवणारा कुणी नव्हता, घडवणाऱ्याचं नाव कुठे नव्हतं, गावाचंही नाही. एक इंचभर चिठ्ठी पुरली असती: मडकं कुणाचं, मढवलं कुणी, गाव कुठलं. काजूच्या फेणीला, म्हणजे इथल्या दारूला, 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे खाजे या मिठाईलाही मिळालं. जागेचं नाव वस्तूला चिकटवण्याची किंमत गोव्याला कळते. तीच चिठ्ठी घुमटाला हवी. आणि विक्रीसोबत दुरुस्तीची सोय हवी. घुमटाचं कातडं जातं, मडकं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. घेणाऱ्याला पुन्हा मढवून देणारा पत्ता दिला तर कारागिराला वर्षभर काम राहील.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडं. मडकं मढवण्याआधी बघायला मिळालं तर टिचकी मारून ऐका. प्रवासात मोकळ्या तोंडातून आत मऊ कापड भरा आणि मढवलेली बाजू वर ठेवा. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत कातडं जास्त ताणतं. वातानुकूलित खोलीत भिंतीवर टांगलं तर एके दिवशी आपोआप फाटतं. उन्हाळ्यात अधूनमधून ओलसर फडक्याने हलकेच पुसा. आणि वाजवा. न वाजणारं कातडं लवकर मरतं.

चवथीच्या रात्री घर माणसांनी भरलेलं होतं. जेवायला तेफळाच्या वासाचं खतखतं आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या. पाहुण्याला आधी वाढायचं आणि मग "कितें जेवलो ना" म्हणून रागवायचं, ही इथली रीत. वहिनींनी ती माझ्यावर मनापासून राबवली. आरत्या सुरू झाल्या तेव्हा तिन्ही घुमटं कडक बोलत होती. तिसऱ्या आरतीला पावसाची मोठी सर आली, दारातून गार ओला वारा आत शिरला आणि नाद खाली खाली उतरत गेला. कासाळं तशीच चालू राहिली. धाकट्याने एक घुमट गळ्यातून काढलं, स्वयंपाकघरात नेलं, निखाऱ्यांवर वीतभर उंचीवर उलटं धरून गोल गोल फिरवलं, बोटाने एकदा वाजवून बघितलं आणि परत आणून वडिलांच्या गळ्यात घातलं. मग दुसरं घुमट घेऊन तो पुन्हा आत गेला. रात्रभर असं आळीपाळीने चाललं होतं. दोन वाजत होती, एक चुलीवर.