मुंबईत पोस्टिंग मिळालंय, पण राहणार कुठे?

सरकारी नोकरीच्या गट-क परीक्षेचा निकाल लागला की मला परभणीकडून, म्हणजे माझ्या माहेरच्या बाजूने फोन यायला लागतात. कुणाच्या भावाची, कुणाच्या पुतणीची लिपिक-टंकलेखक म्हणून निवड झालेली असते आणि पोस्टिंग मुंबई असतं. अभिनंदन झालं, पेढे झाले की पलीकडून आवाज जरा खाली येतो, "ताई, तिकडं भागंल का हो एवढ्या पगारात?" दरवेळी फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. मी दक्षिण मुंबईतल्या एका शासकीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. नवरा एका खासगी कंपनीत हिशेब बघतो. घरात सासूबाई आणि सातवीतली मुलगी. राहतो बदलापूरला.

किराणा, कपडे, वह्या-पुस्तकं, सणवार, गावी जाणं-येणं, एवढं या पगारात होतं. ओढाताण होते, पण होतं. पुरत नाही तो घराला. मुंबईतल्या सरकारी माणसाचा संसार कसा चालेल हे त्याच्या पदापेक्षा क्वार्टर, म्हणजे सरकारी निवासस्थान, मिळालं की नाही यावर ठरतं, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं ठाम मत आहे.

नव्याने लागणाऱ्याचाच हिशेब करू. लिपिक-टंकलेखकाची वेतनश्रेणी एस-६, मूळ पगार १९,९०० पासून सुरू. ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर १०,९४५ रुपये. घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या ३० टक्के, म्हणजे ५,९७०. प्रवास भत्ता वेगळा. यातून एनपीएसचे, म्हणजे निवृत्तिवेतन योजनेचे, १० टक्के जातात, तेही मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून, म्हणजे तीन हजारांवर. व्यवसाय कराचे २००, फेब्रुवारीत ३००. गटविमा. सगळं जाऊन हातात साधारण तेहतीस-चौतीस हजार येतात. पुढे पतसंस्थेचं कर्ज काढलं की कपातीची एक ओळ वाढते.

आता त्या ५,९७० कडे परत बघा. हा भत्ता तुमच्या मूळ पगारावर ठरतो, घराच्या भाड्यावर नाही. नोकरी मुंबईत असेल तर तुम्ही दादरला राहा नाहीतर बदलापूरला, रक्कम तेवढीच. एवढ्या पैशांत दादरला, कुर्ल्याला किंवा घाटकोपरला कुटुंबाला राहण्याजोगी खोली मिळत नाही. साहेबाचा मूळ पगार मोठा, म्हणून त्याचा भत्ता मोठा. शिपायाचा पगार लहान, म्हणून भत्ता लहान. घरमालक मात्र दोघांना एकच भाडं सांगतो. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज त्याच्याच हातात सगळ्यात कमी पडतं, आणि हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

सहाव्या वेतन आयोगात मुंबईसाठी हा दर ३० टक्के होता. सातवा आयोग आमच्याकडे जानेवारी २०१९ च्या पगारापासून लागू झाला तेव्हा तो २४ वर आला. महागाई भत्त्याने २५ टक्के ओलांडले की २७ आणि ५० ओलांडले की पुन्हा ३०, अशी पायरी ठरली. मूळ पगार वाढल्यामुळे रकमेत फरक पडला हे खरं. पण टक्का पूर्ववत व्हायला वर्षं गेली, आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो अकरा महिन्यांचा. नव्या कराराला भाडं वाढतं, घर बदललं तर एजंटला महिन्याचं भाडं द्यायचं, टेम्पो करायचा, डिपॉझिट एका मालकाकडून सुटायच्या आत दुसऱ्याला भरायचं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही असंच केलं. मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा ठरवलं की आता एका जागी राहायचं. कर्ज काढून बदलापूरला वन बीएचके घेतला. हप्ता जवळपास सगळा नवऱ्याच्या पगारातून जातो आणि घर माझ्या पगारावर चालतं.

माझ्याबरोबरच लागलेली एक मैत्रीण आहे. पद तेच, मूळ पगार तोच, तिलाही एकच मूल. तिला क्वार्टर मिळालं. क्वार्टर मिळालं की घरभाडे भत्ता बंद होतो आणि वर अनुज्ञप्ती शुल्क, म्हणजे त्या घराचं सरकारी भाडं, कापलं जातं, त्यामुळे पगारपत्रकावर तिचा आकडा माझ्यापेक्षा कमी दिसतो. पण तिच्या डोक्यावर हप्ता नाही. साडेसहाला बसमध्ये बसली की दिवेलागणीच्या सुमारास ती घरी असते. तिचा मुलगा संध्याकाळी खेळून येतो तेव्हा आई दार उघडते. तिच्या इमारतीत पावसाळ्यात भिंती ओल धरतात, दुरुस्तीचे अर्ज करत राहावे लागतात, लिफ्ट नाही. तरीही आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा, उद्या चावी मिळाली तर परवा सामान हलवतील.

मुळात अशी घरं फार थोडी आहेत. वांद्रे पूर्वेची शासकीय वसाहत सगळ्यांच्या माहितीची, पण तिथल्या इमारती जुन्या झाल्या आहेत आणि तिथल्या जागेचा मोठा भाग उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलासाठी दिला गेला आहे. न्यायालयाला जागा हवी, याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं इतकंच की शहरात सरकारी जमिनीवर काहीही उभं राहत असेल तेव्हा तिथे काम करणाऱ्या लिपिकाची, शिपायाची, हवालदाराची घरंही त्याच आराखड्यात असावीत.

क्वार्टरवाल्यांचाही एक घोर आहे. तो ५८ व्या वर्षी समोर येतो. निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत घर सोडावं लागतं, नाहीतर दंडनीय दराने भाडं लागतं. ज्यांनी नोकरीत असताना कुठे घर घेऊन ठेवलं नाही, ते ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन त्या वयात वांगणी, नेरळ, आसनगाव असं शोधत फिरतात. मुलांच्या नोकऱ्या मुंबईत, स्वतःचे डॉक्टर मुंबईत. मैत्रिणीला मी हेच सांगत असते की हप्ता नाही म्हणून जे वाचतंय ते बाजूला टाक.

बरेच जण मला म्हाडाच्या घरांच्या सोडतीबद्दल विचारतात. अर्ज जरूर भरा, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळा प्रवर्गही असतो. पण एक अडचण आधी समजून घ्या. उत्पन्न नवरा-बायकोचं मिळून धरतात. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला सहा लाखांपर्यंत अत्यल्प गट, नऊपर्यंत अल्प, बारापर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च. दोघंही साधे लिपिक असले तरी काही वर्षांच्या वेतनवाढीनंतर दोघांचं मिळून बारा लाखांच्या आसपास जातं. मग कागदावर तुम्ही मध्यम किंवा उच्च उत्पन्न गटातले होता, आणि त्या गटातल्या मुंबईच्या घरांच्या किमती ऐकून परत बदलापूरचाच विचार करता. एकाच्याच पगारावर चालणाऱ्या घराला लहान गटात अर्ज करता येतो, पण बँक त्याला पुरेसं कर्ज देत नाही. आमच्या ऑफिसात दोन्ही प्रकारची कुटुंबं आहेत.

मग आम्ही जे वाचवतो ते वेळातून वाचवतो. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. ऑफिस पावणेदहाचं, म्हणजे सात-सव्वासातची गाडी गाठायलाच हवी. संध्याकाळी सव्वासहाला सुटून घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा रोजची वेळ पाऊण तासाने वाढली. जवळ राहणाऱ्यांना ते जड गेलं असेल, आम्हा लांबून येणाऱ्यांना मात्र सगळे शनिवार मिळाले. लेकीला आई सलग दोन दिवस दिसायला लागली ती तेव्हापासून.

इतर दिवशी आमचा अभ्यास फोनवर चालतो. तिने इतिहासाची उत्तरं, कविता, इंग्रजीचे धडे व्हॉइस मेसेज करून ठेवायचे आणि ठाण्याला गर्दी जरा हलली की मी एका कानात इअरफोन घालून ऐकायचे. चुकलं असेल तिथे लगेच बोलून पाठवते. सासूबाई तिच्या शेजारी बसलेल्या असतात, त्यांचा आवाजही त्यात येतो, "नीट म्हण, आई ऐकतीय." आमच्या डब्यातल्या दोघी-तिघींना आता तिची कविता पाठ आहे. सासूबाई आहेत म्हणून पाळणाघराचा खर्च कधी आला नाही, आणि मुलगी अनुदानित मराठी शाळेत आहे म्हणून फीचं ओझं नाही. शाळा आम्ही विचार करून निवडली, शिक्षक चांगले आहेत. पण सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि त्या नसत्या तर माझी नोकरी टिकली असती का, याचं उत्तर मला माहीत आहे. महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. ती मी दहावीसाठी राखून ठेवली आहे.

आजारपणाचंही सांगते. वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळते, पण साधारणपणे आधी खिशातून भरायचं आणि मग फाईल फिरायची. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या बिलाचे पैसे आले तोवर आम्ही त्यासाठी काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जाचे निम्मे हप्ते फेडले होते. तेव्हापासून दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवते आणि दिवाळीच्या बाजारातही तिला हात लावत नाही.

यंदा ज्या मुलीची निवड झाली आहे तिला मी तीन गोष्टी सांगितल्या. सुरुवातीला एकटी आहेस तोवर नोकरदार महिलांच्या वसतिगृहात जागा बघ. घर घ्यायची घाई करू नकोस, परिविक्षा, म्हणजे सुरुवातीचा प्रोबेशनचा काळ, संपू दे, बदलीचं चित्र स्पष्ट होऊ दे. आणि रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, लग्न नाही, गरज नाही असं न म्हणता, शासकीय निवासस्थानाचा अर्ज कर. त्याची तारखेसकट शिक्का मारलेली पोच घे आणि झेरॉक्स दोन ठिकाणी ठेव. प्रतीक्षा यादी लांब असते, तिच्यात तुझी तारीख जितकी जुनी तितकं बरं. तिने काल पोचेचा फोटो पाठवला, शिक्का पुसट होता. परत जाऊन नीट मारून आण म्हटलं.