तुम्ही विचारलंत म्हणून: ‘या केल्टिक गाठीचा अर्थ काय?’

मी टॅटू काढतो. केल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या शैलीचं, गुंफलेल्या रेघांचं डिझाइन मागणारा जवळजवळ प्रत्येक जण फोन पुढे करून हेच विचारतो, “दादा, याचा नेमका अर्थ काय?” फोनवर यादी तयारच असते. ही गाठ म्हणजे ताकद, ती म्हणजे अखंड प्रेम, तिसरी म्हणजे बाप-लेकीचं नातं. माझं उत्तर ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. बहुतेक गाठींना ठरलेला अर्थ नाही. ज्यांनी त्या काढल्या त्यांनी तो कुठे लिहून ठेवलेला नाही.

काढल्या कोणी, तर सातव्या शतकापासून आयर्लंड आणि उत्तर ब्रिटनमधल्या मठांतल्या ख्रिस्ती साधूंनी, वासराच्या कातड्यावर, बायबलच्या पोथ्या सजवताना. त्यातली सगळ्यात गाजलेली ‘बुक ऑफ केल्स’ साधारण इ.स. ८०० ची. ती आता डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. गुंफलेल्या पट्ट्यांची ही वीण मुळात त्यांचीही नव्हे. रोमन फरशांवर, इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिश्चनांच्या कामात, जर्मॅनिक टोळ्यांच्या दागिन्यांत ती आधीपासून होती. साधूंनी तिला इतकं बारीक नेलं, की काही जागा भिंगाशिवाय सुटत नाहीत. आणि याच पोथीत, ख्रिस्ताच्या नावाच्या भव्य पानावर, खाली कोपऱ्यात उंदीर आणि त्यांच्यावर टपलेली मांजरं काढली आहेत. त्यांचा अर्थ काय यावर विद्वान अजून भांडतात. मला विचाराल तर त्या मांजरांचा टॅटू कोणी मागत नाही याचंच वाईट वाटतं.

तीन फिरक्यांचा ट्रिस्केल मात्र फार जुना. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या दगडी थडग्यात तिहेरी फिरकी कोरलेली आहे. ते थडगं इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे केल्टिक म्हणावी अशी संस्कृती युरोपात आकाराला येण्याच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधीचं! ‘जन्म, मृत्यू, पुनर्जन्म’ हे तिच्यावर आपण चढवलेलं. तीन टोकांच्या ट्रिक्वेट्राची तीच गत. कोणी तिला पिता-पुत्र-पवित्र आत्मा म्हणतं, कोणी कुमारिका-माता-वृद्धा. ही दुसरी त्रयी रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीने १९४८ मध्ये लोकप्रिय केली. शिवाय ही खूण स्कँडिनेव्हियातल्या शिलालेखांवरही सापडते.

“पण केल्टिक योद्धे असेच टॅटू काढायचे ना?” हा पुढचा प्रश्न. ब्रिटनमधले तेव्हाचे केल्टिक लोक अंग निळं रंगवतात असं ज्युलियस सीझरने लिहिलंय. तो रंग वोड नावाच्या झाडाच्या पानांचा, असं सहसा मानतात. वोडच्या पानांतून मिळणारं रंगद्रव्य आपल्या निळीचंच. तिसऱ्या शतकातला इतिहासकार हेरोडियन पुढे जाऊन सांगतो, की ते अंगावर प्राण्यांची चित्रं काढतात. प्राण्यांची, गाठींची नव्हे. गाठी आल्या त्या त्यानंतर चारेकशे वर्षांनी, आणि त्याही पोथीत. योद्ध्याच्या दंडावरचा गाठींचा पट्टा ही अगदी अलीकडची कल्पना आहे. वाईट नाही, पण अलीकडची.

मग त्यात आहे काय? बांधणी आहे. जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकला शिक्षकाने जुन्या दगडांवरून आणि पोथ्यांवरून ती रचायची पद्धत पुन्हा शोधली आणि १९५१ मध्ये पुस्तकातून मांडली. आज निम्मे टॅटूवाले कळत-नकळत तीच वापरतात. आधी ठिपके मांडायचे, मग रेघ त्यांच्यामधून तिरकी न्यायची, कडेला आली की वळवायची. दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कोणालाही हे पाच मिनिटांत जमेल. उत्तर इंग्लंडमधल्या ‘लिंडिसफार्न’ मठाच्या पोथीच्या पानांमागे असे आखणीचे ठिपके आणि रेघा आजही दिसतात.

एक गंमत करून बघा. आडवे तीन, उभे चार ठिपके घेतले तर सगळी वीण एकाच अखंड रेघेची होते. चार गुणिले सहा घेतले तर दोन सुट्या रेघा होतात, चार गुणिले चारला चार. दोन्ही आकड्यांचा मसावि काढा, तितक्या रेघा. मध्ये कुठे वीण तोडली की हिशोब बदलतो. म्हणून कोणी ‘न संपणारी एकच रेघ’ म्हणून डिझाइन आणलं, की मी बोट ठेवून रेघ फिरवायला सांगतो. बरेचदा बोट अर्ध्यातच सुरुवातीला परत येतं, आणि बाकीची गाठ तशीच राहते.

कातडीवर आणखी एक भानगड. रेघ एकदा वरून गेली की पुढच्या छेदाला खालून गेली पाहिजे, आणि जिथे खालून जाते तिथे बारीक फट सोडावी लागते. शाई वर्षानुवर्षं थोडी पसरते. मनगटावर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दाट गाठ काढली तर त्या फटी बुजतात आणि पाचेक वर्षांत डाग उरतो. म्हणून मी मोठी जागा मागतो. पैसे वाढवायला नव्हे. दंडाच्या पट्ट्याचं स्टेन्सिलही हात सैल सोडून, उभं राहूनच चिकटवायचं. दंड वर जाड, खाली बारीक, त्यामुळे सरळ कापलेला कागद मागे जुळतच नाही. जोड आतल्या बाजूला घ्यायचा आणि तिथली वीण हाताने जमवायची.

अर्थ हवाच असेल तर दोन गोष्टी सुचवतो. एक क्लाडा. आयर्लंडमधल्या गॉलवे शहराजवळच्या कोळ्यांच्या वस्तीच्या नावाची ही अंगठी १७०० च्या आसपासपासूनची. तिच्यावर दोन हातांत धरलेलं हृदय, वर मुकुट. हात म्हणजे मैत्री, हृदय म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा. आयर्लंडमध्ये कोणालाही विचारा, हेच सांगतील. दुसरा संत ब्रिजिडचा क्रूस. ३१ जानेवारीच्या संध्याकाळी लव्हाळ्याचा विणतात आणि घराला आग लागू नये म्हणून दारावर लावतात.

आणि ज्यांना अक्षरंच हवीत त्यांच्यासाठी ओघम, आयर्लंडची जुनी लिपी. दगडाच्या कडेवर आडव्या-तिरक्या रेघा, वाचायच्या खालून वर. लोक त्यात ‘शौर्य’ नाहीतर ‘स्वातंत्र्य’ लिहून मागतात. खऱ्या ओघम दगडांवर मात्र बहुतेक माणसांची नावंच आहेत, अमक्याचा मुलगा तमका अशी. तेव्हा आईचं नाव लिहून घ्या, ते जास्त अस्सल. फक्त मूळच्या वीस अक्षरांत ‘प’ नाही. पद्मा, प्रमिला, पुष्पा यांच्या मुलांनी क्लाडा घ्यावा.